विश्लेषण : ‘संतमस’वर खरोखर ढग आहेत का? दूरच्या महाग्रहांचे हवामान कसे ओळखतात?

सिंह राशीच्या खाली सेक्स्टन्स नावाचा एक अंधूक तारकासमूह आहे. त्यातल्या एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला भारताने नावे दिली आहेत. ताऱ्याचे नाव ‘बिभा’, ग्रहाचे ‘संतमस’. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने डिसेंबर २०१९ मध्ये ती जाहीर केली. ‘बिभा’ हे नाव भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ आहे, बंगालीत त्याचा अर्थ प्रकाशाचा झोत असाही होतो. ‘संतमस’ सुचवले ते पुण्यातील एका तेरा वर्षांच्या शाळकरी विद्यार्थ्याने. या संस्कृत शब्दाचा अर्थ त्या वेळी ‘ढगाळ’ असा सांगितला गेला. ग्रहाचे वातावरण ढगाळ असावे, म्हणून हे नाव.

नाव सुरेख आहे. अडचण एवढीच, की त्या ग्रहावरचे ढग आजवर कोणी पाहिलेले नाहीत. तरीही ‘असावे’ असे म्हणायला शास्त्रज्ञांकडे काही आधार आहे. तो आधार म्हणजे संगणकावर उभे केलेले ग्रहाचे वातावरण, म्हणजेच मॉडेल. दूरच्या ग्रहावर पाणी सापडले, काचेचा पाऊस पडतो, जीवसृष्टीची खूण मिळाली, अशा बातम्या मोबाइलवर दर महिन्याला येतात. त्यातले किती मोजलेले आणि किती मॉडेलमधून आलेले, हे मात्र बातमीत क्वचितच सांगितले जाते.

संतमसबद्दल नक्की काय माहीत आहे?

फार थोडे. या ग्रहाचा शोध २००६ मध्ये लागला, तोही ताऱ्याच्या हालचालीवरून. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही किंचित मागे-पुढे होतो. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट त्यामुळे आळीपाळीने निळ्या आणि लाल बाजूला सरकतो. या सरकण्यावरून कळते की संतमसचे एक वर्ष जेमतेम ५१ तासांचे आहे आणि त्याचे वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट आहे. एवढ्या थोड्या वेळात प्रदक्षिणा संपते याचा अर्थ ग्रह ताऱ्याला जवळजवळ चिकटून आहे. बुध सूर्यापासून जितका दूर, त्याच्या अकराव्या हिश्श्याइतकेच हे अंतर. पृथ्वीला सूर्याकडून मिळते त्याच्या हजारपटीहून अधिक ऊर्जा संतमसवर कोसळते. साधे गणित मांडले तर त्याचे तापमान चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास निघते.

अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला, तो याच जातीचा होता. त्या शोधासाठी त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. आपल्या सूर्यमालेत असा एकही ग्रह नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दलचे आपले अंदाज घरच्या अनुभवावर बेतता येत नाहीत.

प्रकाशातून हवा कशी वाचतात?

दौलताबादच्या किल्ल्यावरून मावळता सूर्य पाहिला तर तो तांबडा दिसतो. दुपारी पांढरा दिसणारा तोच प्रकाश संध्याकाळी हवेच्या लांबच लांब थरातून तिरपा येतो आणि वाटेत निळा रंग विखुरला जातो. म्हणजे मावळतीच्या प्रकाशावर हवेची छाप पडलेली असते. दूरच्या ग्रहाची हवा वाचण्याची सर्वात यशस्वी पद्धत हीच आहे. एखादा ग्रह आपल्या आणि ताऱ्याच्या बरोबर मधून गेला, की ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेवरच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. आपण त्या ग्रहाची सकाळ आणि संध्याकाळ एकाच वेळी पाहत असतो.

अशा जाण्याला अधिक्रमण म्हणतात. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला तर ताऱ्याचा प्रकाश सुमारे एक टक्क्याने कमी होतो. वातावरणाची छाप त्याच्याही शंभराव्या भागाएवढी, म्हणजे दहा हजारांत एक. एवढा सूक्ष्म फरक पहिल्यांदा २००२ मध्ये पकडता आला. डेव्हिड शारबोनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून ‘एचडी २०९४५८ बी’ या ग्रहाच्या हवेत सोडियम असल्याचे दाखवले. रस्त्यावरचे दिवे एलईडी होण्याआधी आपल्या शहरांवर जो पिवळा उजेड असायचा, तो याच सोडियमचा. दिव्यात सोडियम ठरावीक पिवळा प्रकाश बाहेर टाकते, ग्रहाच्या हवेत ते नेमका तोच प्रकाश शोषून घेते.

या शोधातला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. सोडियमची छाप सापडली खरी, पण निरभ्र वातावरणाच्या मॉडेलने वर्तवली होती त्यापेक्षा ती बरीच फिकट होती. कदाचित सोडियम कमी असेल किंवा उंचावर ढग असतील आणि खालची हवा झाकली गेली असेल. एकाच मोजमापाची दोन स्पष्टीकरणे समोर होती. पहिल्याच दिवसापासून या शास्त्राच्या पाठी ढग लागले, ते आजवर सुटलेले नाहीत.

मॉडेल म्हणजे नेमके काय?

मॉडेल म्हणजे ग्रहाचे चित्र नव्हे. ‘कलाकाराच्या कल्पनेतून’ अशा ओळीसह जी रंगीत चित्रे छापली जातात, त्यांचा मोजमापाशी संबंध जुजबीच असतो. मॉडेल म्हणजे गणित. ग्रहाच्या वातावरणाचे वरपासून खालपर्यंत पन्नास-शंभर थर कल्पायचे. प्रत्येक थराचे तापमान, दाब आणि त्यात कोणते वायू किती, हे ठरवायचे. मग प्रकाशाचा एकेक रंग घेऊन तो थराथरांतून सोडायचा आणि किती शोषला गेला, किती विखुरला, किती वर परत आला, याचा हिशेब करायचा. शेवटी जो वर्णपट हाती येतो, तो दुर्बिणीने नोंदवलेल्या वर्णपटाशेजारी ठेवायचा.

या हिशेबाचा पाया घालणाऱ्यांत दोन भारतीय नावे आहेत. कोणत्या तापमानाला कोणते मूलद्रव्य प्रकाशावर कशी छाप सोडते, याचे सूत्र मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिले. प्रकाश थराथरांतून कसा झिरपतो, यावर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी लिहिलेला ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तो ताऱ्यांच्या वातावरणाच्या अभ्यासातून लिहिला गेला होता. ग्रहांचे वातावरण अभ्यासणारे आजही त्याच समीकरणांवर उभे आहेत.

समीकरणे जुनी असली तरी त्यांना लागणारी शिदोरी अवाढव्य आहे. पाण्याची वाफ कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषते हे प्रयोगशाळेत साध्या तापमानाला मोजता येते. पण हजार-दीड हजार अंशांना रेणू इतक्या परीने थरथरतात, की त्यांच्या शोषणरेषा मोजून संपत नाहीत. त्या गणिताने काढाव्या लागतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ‘एक्सोमोल’ प्रकल्पाने एकट्या मिथेनसाठी तयार केलेल्या एका यादीत सुमारे एक हजार कोटी रेषा आहेत. यादी अपुरी असेल तर मॉडेल नसलेला वायू ‘शोधते’ किंवा असलेला हरवते.

पुढची पायरी उलट दिशेची. वर्णपट हाती आहे आणि त्यावरून हवा ओळखायची आहे. त्यासाठी संगणक तापमान, वायूंचे प्रमाण, ढगांची उंची असे घटक थोडेथोडे बदलत तेच गणित लाखो वेळा करतो आणि कोणकोणत्या जोड्या मोजमापाशी जुळतात ते पाहतो. म्हणून उत्तर ‘इतके पाणी आहे’ असे एका आकड्यात येत नाही. ‘या मर्यादांमध्ये, इतक्या शक्यतेने’ असे येते. मथळ्यात जागा कमी असते, तिथे पहिली कात्री या मर्यादांवरच चालते.

ढगांवर सगळे का अडते?

ढगांचे गणित किती अवघड, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. २०१५ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी याच शहरात रडार बसवले गेले आणि चिकलठाणा विमानतळावरून विमाने उडाली. आकाशात बाष्प असून भागत नाही. थेंब धरायला बारीक कण लागतो, म्हणून मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण ढगात सोडले जातात. डोक्यावर ढग, हाताशी विमान आणि रडार असूनही पाऊस कुठे आणि किती पडेल हे ठामपणे सांगता आले नाही.

तप्त गुरूंवर प्रश्न तोच आहे, बदलते ती सामग्री. हजार-बाराशे अंशांना पाण्याचे ढग होणे शक्यच नाही. तिथे वाळू ज्यापासून बनते ती सिलिकेट खनिजे वायुरूपात असतात आणि थंड भागात गेल्यावर गोठून ढग बनतात. त्याहून तापलेल्या ठिकाणी लोखंडाचे थेंब आणि माणिक-नीलम ज्यापासून बनतात त्या ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कण असू शकतात. त्यांनाही धरायला बीजकण लागतो आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण ते काम करत असावेत, असे मॉडेल सांगतात. ही नुसती कल्पना राहिलेली नाही. ‘डब्ल्यूएएसपी-१७ बी’ या ग्रहाच्या ढगांत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, अतिसूक्ष्म स्फटिक असल्याची खूण जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये टिपली.

कणांचा आकार केवढा, ते किती उंच तरंगतात, खाली पडायला किती वेळ घेतात, यावर पूर्ण वर्णपट बदलतो. मोठ्या कणांचा ढग पडद्यासारखा सगळे रंग सारखेच अडवतो. बारीक कणांचा धूसरपणा मात्र निळा प्रकाश जास्त विखुरतो. पाण्याची फिकट छाप दिसली तर पाणी खरेच कमी आहे की ढगाने झाकले आहे, हे एका दुर्बिणीच्या एका नोंदीवरून सांगणे अनेकदा अशक्य असते.

मराठवाड्याच्या पावसाचे मॉडेल आणि दूरचे वारे

तप्त गुरू ताऱ्याच्या इतके जवळ असतात, की चंद्र पृथ्वीला जशी एकच बाजू दाखवतो तसे ते ताऱ्याला एकच बाजू दाखवतात. एका बाजूला कायमचा दिवस, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र. मग दिवसाकडची उष्णता रात्रीकडे कोण नेते? वारा. त्याचा वेग आणि दिशा काढण्यासाठी थरांचे सरळसोट गणित पुरत नाही, पूर्ण गोलाचे हवामान सोडवावे लागते.

त्यासाठी शास्त्रज्ञांनी नवे यंत्र जन्माला घातले नाही. पृथ्वीच्या हवामानाची मॉडेलच उचलली. ब्रिटनच्या हवामान खात्याचे ‘युनिफाइड मॉडेल’ एक्सेटर विद्यापीठातील गटाने तप्त गुरूंसाठी बदलून घेतले. जमीन काढून टाकली, हवेच्या जागी हायड्रोजन भरला, सूर्य जवळ आणला. गंमत अशी, की हेच युनिफाइड मॉडेल नोएडातील राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्र आपल्याकडच्या अंदाजांसाठी वापरते. जून उलटून गेल्यावर पैठण-गंगापूरचा शेतकरी ज्या अंदाजाची वाट पाहतो, त्यामागचे एक गणित आणि शेकडो प्रकाशवर्षांवरच्या वाऱ्यांचे गणित चुलत भावंडे आहेत.

या मॉडेलांची सर्वात मोठी कमाई २००७ ची. त्याच्या पाच वर्षे आधी ॲडम शोमन आणि त्रिस्तान गियो यांनी वर्तवले होते, की तप्त गुरूवर पूर्वेकडे जाणारा प्रचंड वारा असेल आणि सर्वात तापलेला पट्टा भर मध्यान्हीखाली न राहता पूर्वेला सरकलेला दिसेल. हीदर नट्सन आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर दुर्बिणीने ‘एचडी १८९७३३ बी’चा उष्णतेचा नकाशा काढला, तेव्हा तो पट्टा खरोखरच पूर्वेला सरकलेला निघाला. ६४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या वाऱ्याची दिशा आधी कागदावर उमटली आणि मग आकाशात सापडली.

मॉडेल चुकते तेव्हा

चुकतेही, आणि खरी प्रगती बहुधा तिथेच होते. जेम्स वेबने २०२२ मध्ये ‘डब्ल्यूएएसपी-३९ बी’ या शनीएवढ्या वस्तुमानाच्या ग्रहाचा वर्णपट घेतला. कार्बन डायऑक्साइडची खूण अपेक्षेप्रमाणे ठळक आली. पण तिच्या शेजारी एक छोटा उंचवटा दिसला, जो तेव्हाच्या मॉडेलमध्ये नव्हता. शोध घेतल्यावर तो सल्फर डायऑक्साइड निघाला. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने हवेतले रेणू फोडले आणि त्या तुकड्यांतून हा वायू बनला. पृथ्वीवर ओझोन साधारण अशाच रीतीने तयार होतो. दूरच्या ग्रहावर प्रकाशाने घडवलेले रसायन पहिल्यांदाच पकडले गेले, तेही मॉडेलशी न जुळलेल्या एका उंचवट्यामुळे.

दुसरी बाजू एप्रिल २०२५ मध्ये दिसली. केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन यांच्या गटाने ‘के२-१८ बी’ या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड असण्याची शक्यता मांडली. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्म जीव सोडतात. हा ग्रह महाग्रहांच्या मानाने लहान असला तरी पद्धत हीच होती. गटाने खात्रीचा दावा केला नव्हता, आणखी निरीक्षणे हवीत असेही सांगितले होते. मोबाइलपर्यंत येईतो मात्र ‘जीवसृष्टी सापडली’ असा निरोप झाला. पुढे इतर गटांनी तीच मोजमापे वेगळ्या मॉडेलांतून तपासली आणि तो पुरावा पुरेसा भक्कम नसल्याचे निष्कर्ष मांडले. यात कोणी लबाडी केली नव्हती. मोजमाप तेच राहिले, गृहीतके बदलली तसे उत्तर बदलले. अशी बातमी वाचताना एक प्रश्न विचारला तरी बराच गोंधळ टळेल : हा वायू दुसऱ्या गटाच्या मॉडेलमध्येही सापडला का?

इथल्या विद्यार्थ्यांना यात जागा आहे का?

आहे, आणि ती दुर्लक्षिली जात आहे. मोठी दुर्बीण मराठवाड्यात उभी राहणे कठीण आहे. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते. पण या शास्त्राचा निम्मा भाग दुर्बिणीपाशी होतच नाही. जेम्स वेबच्या नोंदी काही लगेच, तर काही ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. ‘पिकासो’, ‘पेटिटरॅडट्रान्स’, ‘टाउरेक्स’ अशी मॉडेलची सॉफ्टवेअर मोफत आहेत. एका वर्णपटाचे गणित साध्या लॅपटॉपवर होते. लाखो वेळा करायचे झाले तरच मोठा संगणक लागतो.

भारतात हे काम चाललेही आहे. भुवनेश्वरच्या ‘नायसर’ संस्थेतील जयेश गोयल यांनी एक्सेटरमध्ये असताना शंभराहून अधिक तप्त ग्रहांसाठी तयार वर्णपटांचा संग्रह केला, तो जगभर खुला आहे. बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत सुजन सेनगुप्ता यांनी ग्रहांवरून येणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची मॉडेल केली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील अभिजित चक्रवर्ती यांचा गट माउंट अबूवरून ग्रहांची वजने काढतो. वजन कळल्याशिवाय गुरुत्व कळत नाही आणि गुरुत्वाशिवाय हवा किती फुगलेली आहे हे सांगता येत नाही. महाराष्ट्रातच, नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतून फ्रेंच शास्त्रज्ञांनी अशा ग्रहांचे रेडिओ संकेत शोधले. ‘एचएटी-पी-११ बी’कडून एक पुसटसा इशारा मिळाल्याचे त्यांनी २०१३ मध्ये नोंदवले, तो पक्का मात्र झाला नाही.

छत्रपती संभाजीनगरात एमजीएमचे खगोल-अंतराळ विज्ञान केंद्र आहे, ग्रहणाला तिथे गर्दी होते. विद्यापीठ आहे, भौतिकशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत आणि संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांची वानवा नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला एखाद्या ग्रहाचा खरा वर्णपट घेऊन त्यावर मॉडेल बसवण्याचा प्रकल्प दिला, तर त्याला ना नवी इमारत लागते ना मोठा निधी. लागतो तो शिकवायला तयार असलेला एक प्राध्यापक आणि मराठीत समजावून सांगणारी चार पाने. ठरावीक प्रयोगांच्या त्याच वह्या वर्षानुवर्षे उतरवून घेण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे. मॉडेल बसवताना हाती येणारी आकडेमोड आणि प्रोग्रॅमिंग पुढे हवामान खात्यापासून बँकेपर्यंत कुठेही कामी येते.

मग संतमसवर ढग आहेत का?

संतमस आपल्या बाजूने ताऱ्यासमोरून जाताना दिसलेला नाही. त्यामुळे मावळतीच्या प्रकाशाची पद्धत त्याला लागू होत नाही. दुसरा मार्ग आहे. २०१२ मध्ये ‘टाउ बोओटिस बी’ या अधिक्रमण न करणाऱ्या ग्रहाच्या स्वतःच्या अवरक्त प्रकाशात कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा ओळखता आल्या. ग्रह वेगाने फिरतो, त्याच्या रेषा ताऱ्याच्या रेषांपासून वेगळ्या सरकत राहतात आणि तेवढ्यावरून त्या निवडून काढता येतात. बिभा हा तारा मात्र ‘टाउ बोओटिस’पेक्षा सुमारे पन्नासपट मंद दिसतो. तेवढाच प्रकाश गोळा करायला फार मोठा आरसा हवा. चिलीमध्ये ३९ मीटरची दुर्बीण उभी राहत आहे, तिच्या आवाक्यात असे ग्रह येऊ शकतील.

तोवर मॉडेल जे सांगतात ते असे : एवढ्या तापमानाच्या ग्रहावर दिवसाची बाजू बहुधा ढग टिकू नयेत इतकी तापलेली आणि रात्रीची बाजू खनिजांच्या ढगांनी भरलेली असावी. म्हणजे पुण्याच्या मुलाने सुचवलेले नाव रात्रीपुरते बरोबर असण्याची शक्यता चांगली आहे. शब्दाचा आणखी एक अर्थही इथे आठवावा. जुन्या संस्कृतात संतमस म्हणजे चहूकडे पसरलेला अंधार. तप्त गुरू प्रत्यक्षात बहुधा काळेच असतात. ‘टीआरईएस-२ बी’ हा ग्रह त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा एक टक्काही परतवत नाही, कोळशाहून तो काळा आहे. ढगांचे काहीही निघो, हा दुसरा अर्थ संतमसला लागू पडण्याची शक्यता अधिक दिसते.

बिभा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलच्या रात्री, म्हैसमाळसारख्या काळोख्या ठिकाणाहून, छोट्या दुर्बिणीत आणि नकाशाच्या मदतीने तो सापडू शकतो. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षे. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा इकडे छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती आणि औरंगजेब दख्खनेत उतरला होता. त्याच प्रकाशात संतमसचाही वाटा मिसळलेला आहे, फक्त तो वेगळा काढणे अजून कोणाला जमलेले नाही.